शेजारच्या कोचला मैदान हवं होतं

अमेरिकेतल्या चँडलरमध्ये शेजाऱ्याची ओळख होते ती भिंतीवरून. प्रत्येक परसदाराभोवती सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत असते आणि ती इतकी उंच असते की पलीकडचा माणूस उंच असेल तरच त्याचं डोकं दिसतं. आमचा नवा शेजारी उंच होता. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते डोकं भिंतीवर आलं आणि म्हणालं, "मेट, तुझ्या स्विमिंग पूलचा पंप शेवटचे श्वास घेतोय."

मी त्याला पूलवाला समजलो आणि त्यात चूक काही नव्हती. तो पूलचे पंप विकणाऱ्या कंपनीत होता. बायको इथलीच, नर्स. तिच्या वडिलांचं दुखणं काढायला म्हणून ते दोघं मेलबर्न सोडून इकडे आले, आणि सासरे बरे होऊन गोल्फ खेळायला लागले तरी परत गेले नाहीत. एवढं मला दोन-तीन कप चहात कळलं. त्याआधी तो काय होता, हे माझ्या मुलीनं शोधून काढलं.

मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. जन्म इथलाच. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. एका शनिवारी पार्कमध्ये धावायला गेली असताना तिला दिसलं की शेजारचे काका वीस-पंचवीस माणसांवर ओरडतायत आणि ती माणसं एका लांबट चेंडूमागे पळतायत. ती बघायला थांबली, आणि पुढच्या शनिवारी स्वतःच पळत होती. मग तिनं फोनवर त्याचं नाव घालून पाहिलं आणि जेवणाच्या टेबलावर फोन माझ्यासमोर धरला.

"बाबा, ही वॉज, लाइक, अ रिअली बिग डील."

व्हिडिओत आमचा शेजारी होता, केस जास्त आणि गळ्यात टाय. मागे जाहिरातींचा फलक. बाजूला सुटातला एक गृहस्थ शोकसभेला आल्यासारखा चेहरा करून म्हणत होता की क्लब या माणसाचा सदैव ऋणी राहील. आमचा शेजारी समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होता.

"त्याला काढलं का?" मी विचारलं.

"याह. दॅट्स हिम गेटिंग फायर्ड."

सेमीकंडक्टरच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला हे दृश्य आवाज बंद करूनही ओळखता आलं असतं.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा काय प्रकार आहे, हे मला भिंतीवरूनच कळलं. मैदान अंडाकृती, चेंडूही अंडाकृती. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथ मारून चेंडू घातला की सहा गुण. नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तर एक. चुकल्याबद्दलही एक गुण देणारा खेळ मला लगेच पटला. आमच्या वार्षिक मूल्यमापनात अशी सोय कधी नव्हती.

तो गव्हाच्या शेतांमधल्या एका छोट्या गावातून आला होता. विशीच्या आत मोठ्या संघात घेतला गेला आणि दहा-बारा वर्षं तिथेच खेळला. काम एकच: आपल्या गोलच्या तोंडाशी उभं राहायचं आणि आपल्यापेक्षा चांगल्या खेळाडूला खेळू द्यायचं नाही.

"पेपरात तुझं नाव यायचं का?" मी विचारलं.

"यायचं ना. समोरच्यानं पाच गोल केले की यायचं."

पुढे गुडघा गेला. मग तो सहायक कोच झाला, म्हणजे त्याच्या भाषेत, अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या चुका व्हिडिओवर मागेपुढे करून पाहायच्या. त्यात त्याची आठ-दहा वर्षं गेली. मग त्याला एका संघाचं मुख्य कोचपद मिळालं. तिकडे कोच मैदानाच्या कडेला उभा राहत नाही. वर काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसतो आणि निरोप पाठवतो. निरोप पोहोचेपर्यंत खाली खेळ बदललेला असतो. दोन मोसम त्यानं असे निरोप पाठवले. त्या काळात त्याला दुकानात जाऊन पाव घेता यायचा नाही, कारण पाववाला संघात कोणाला घ्यावं ते सांगायचा. दुसऱ्या मोसमाच्या शेवटी क्लबच्या अध्यक्षानं जाहीर केलं की कोचवर आमचा पूर्ण विश्वास आहे.

"मग मी घरी फोन केला आणि बायकोला सांगितलं, संपलं," तो म्हणाला. आणि तसंच झालं.

अमेरिकेत आल्यावर एका विद्यापीठानं त्याला बोलावलं होतं. इथल्या फुटबॉलमध्ये लाथ मारणारा एक स्वतंत्र खेळाडू असतो, त्याला शिकवायला. तो काही महिने गेला. "तो पोरगा यायचा, एक लाथ मारायचा आणि बाहेर जाऊन बसायचा. पुढची लाथ यायला अर्धा तास. मी विचारलं, बाकीचा वेळ हा काय करतो? म्हणाले, तयारी." त्यानं ते सोडलं आणि पंप विकायला लागला. आणि शनिवारी त्या हौशी संघाला शिकवायला लागला, फुकट.

मी त्या संघाचे दोन-तीन सामने पाहिले. शाळामास्तर, अग्निशमन दलातला एक जण, चिप कारखान्यातले तंत्रज्ञ, आणि आमची मुलगी. काचेची खोली नव्हती, हेडफोन नव्हते. तो कडेला उभा राहून बोलायचा आणि त्याचं बोलणं थेट पोहोचायचं, थोडं आमच्या घरापर्यंतसुद्धा. एकदा मी म्हटलं, "मोठ्या संघानंतर हे म्हणजे जरा…" तो म्हणाला, "मी आठवडाभर पंप विकतो ते शनिवारसाठी. तू कशासाठी चिप बनवतोस?" मी चहा प्यायलो.

अडचण मैदानाची झाली. ते लोक दोन सॉकरची मैदानं जोडून खेळत. पार्क खात्याला सॉकरचे संघ जास्त झाले आणि त्यांनी शनिवार काढून घेतला. हौशी संघांच्या संघटनेचा नियम असा की घरचं मैदान नसेल तर पुढच्या मोसमाला नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणजे सामने नाहीत आणि सामने नाहीत म्हणजे माणसं येणार नाहीत. त्यानं शाळा पाहिल्या, चर्चमागच्या हिरवळी पाहिल्या. सगळीकडे जागा चौकोनी आणि लहान.

"अंडाकृती मैदान या भागात एकच आहे," तो भिंतीवरून म्हणाला. "आणि ते तुमच्या लोकांचं आहे."

ते खरं होतं. गावाबाहेर, जिथे दुपारी गोठ्यांचा वास येतो त्या पट्ट्यात, आमच्या क्रिकेट क्लबचं मैदान आहे. मध्ये सिमेंटची खेळपट्टी, तिच्यावर मॅटिंग, भोवती वाळवंटात पाणी घालून घालून जगवलेलं हिरवं गवत. बहुतेक सभासद मराठी, काही तेलुगू, एक लेस्टरचा गुजराती. शनिवारी सकाळी मैदान रिकामं असतं, कारण आमचे खेळाडू शनिवारी सकाळी मुलांना कुठल्या ना कुठल्या क्लासला सोडत असतात. पण रिकामं असणं वेगळं आणि दुसऱ्याला देणं वेगळं.

क्लबच्या अध्यक्षांविषयी थोडं सांगायला हवं. अध्यक्ष मूळचे नागपूरचे, एका मोठ्या कंपनीत डायरेक्टर. माणूस वाईट नाही. मदतीला पहिला धावतो, पण धावताना फोटोवाला बरोबर आहे ना हे बघतो. त्यांच्या ईमेलची सुरुवात 'सस्नेह नमस्कार' अशी होते आणि शेवटी त्यांनी आजवर भूषवलेल्या पदांची यादी असते, माजी पदंसुद्धा. मी त्यांना फोन केला. माझे शेजारी ऑस्ट्रेलियाचे व्यावसायिक खेळाडू आणि कोच होते, त्यांना मैदानाबद्दल भेटायचंय, असं सांगितलं.

"ऑस्ट्रेलियन कोच!" अध्यक्ष म्हणाले. "आणि तुम्ही आत्ता सांगताय? यार, आपल्या स्पर्धेच्या उद्घाटनाला बोलवा ना त्यांना! शाल-श्रीफळ देऊ. मैदानाचं काय, तिथेच बोलून टाकू."

"अध्यक्ष, ते क्रिकेटवाले नाहीत. फुटबॉल खेळायचे. तिकडचा फुटबॉल."

"हो हो, फुटबॉलही खेळले असतील. तिकडे सगळे सगळं खेळतात."

मी पुन्हा सांगितलं आणि मेसेजही पाठवला. मेसेजला अंगठा आला. आमच्याकडे अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' असा नसतो, 'पोहोचलं' असा असतो.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो, मी, मुलगी आणि तो. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गाडीत दोनदा विचारलं की ही माणसं हो म्हणतील असं मला वाटतं का. मैदानावर मंडप होता, गरम वड्यांचा वास होता आणि मंडपाच्या कपाळावर एक बॅनर होता. त्यावर आमच्या शेजाऱ्याचा तरुणपणीचा फोटो, कुठून तरी काढलेला, आणि खाली: 'आंतरराष्ट्रीय क्रिकेट प्रशिक्षक यांचे सहर्ष स्वागत'.

"बाबा," मुलगी म्हणाली. "बाबा, व्हॉट डझ दॅट से?"

तिला मराठी वाचता येत नाही. पण माझा चेहरा वाचता येतो. "ओह नो," ती म्हणाली.

अध्यक्षांनी आम्हाला बोलायची संधी दिली नाही. त्यांनी पाहुण्याला दोन्ही हातांनी धरलं, मंचावर नेलं, माझीही खुर्ची शेजारी टाकायला लावली दुभाष्या म्हणून, आणि भाषण सुरू केलं. क्रिकेट हा आपल्या दोन देशांना जोडणारा धागा कसा आहे हे सांगितलं. पाहुण्यांनी क्रिकेटची कशी सेवा केली हे सांगितलं. मग शाल पांघरली, हातात नारळ दिला, टाळ्या झाल्या.

पाहुणा माझ्याकडे झुकला. "हा माणूस एवढ्या वेळा क्रिकेट का म्हणतोय?"

"त्याला वाटतंय तू क्रिकेटवाला आहेस."

"तू सांगितलं नाहीस?"

"दोनदा सांगितलं."

त्यानं नारळ मांडीवर ठेवला. मी हळूच म्हटलं, "थँक यू म्हण आणि बस. मैदान आधी पदरात पडू दे, बाकी मी नंतर बघतो." इतक्या वर्षांच्या नोकरीतून मी जे काही शिकलो त्याचा हा सारांश होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, एखादा खेळाडू चुकीच्या जागी उभा असला की बघतात तसं, आणि उठून माइककडे गेला.

त्याचं इंग्रजी समजायला कोणाला दुभाष्या लागला नाही.

"माझ्या आईला हे ऐकून आनंद होईल," तो म्हणाला, "कारण मी क्रिकेट खेळावं अशी तिची फार इच्छा होती. मी शाळेत खेळलो. नवव्या नंबरला जायचो, तेही दहावा पोरगा चष्मा विसरायचा म्हणून." काही लोक हसले, मग थांबले. "मी दुसराच खेळ खेळलो. तुम्ही तो पाहिला नसेल. त्यातही मी मोठा नव्हतो. नंतर कोच झालो, जिंकलो त्यापेक्षा जास्त हरलो आणि मला काढून टाकलं. आता मी पूलचे पंप विकतो. माझा एक संघ आहे, त्याला खेळायला मैदान नाही. मैदान मिळालं नाही तर संघ बंद होईल. मी तुमचं मैदान मागायला आलोय, शनिवारी सकाळचं. तुम्ही मला ज्याच्यासाठी बोलावलंत तो मी नाही, म्हणून हे तुमचं तुमच्याकडे."

आणि त्यानं शाल काढली, नीट चौघडी केली, तिच्यावर नारळ ठेवला आणि ते सगळं अध्यक्षांच्या हातात दिलं.

अध्यक्षांच्या एका हातात माइक, दुसऱ्या हातावर शाल, शालीवर नारळ डुगडुगत होता. मी मनात संघाला श्रद्धांजली वाहून टाकली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून खजिनदार काकू उठल्या. काकू सत्तरीच्या, सोलापूरच्या. क्रिकेटमध्ये त्यांना काडीचा रस नाही. मुलगा खेळायचा म्हणून त्या क्लबमध्ये आल्या, मुलानं खेळणं सोडलं, हिशेब काकूंकडे राहिले.

"अहो अध्यक्ष, हे काय करताय? ती घेऊ नका!"

"काकू, मी कुठे घेतोय, त्यांनीच दिली…"

"त्यांना काय माहीत! आपल्याला तर माहितेय ना? अंगावर घातलेली शाल परत घेतात होय कुठे? चारचौघांत माणसाला पांघरलीत आणि आता काखेत मारून घरी नेणार? घाला आधी ती त्यांच्या अंगावर."

मागून कोणीतरी म्हणालं, "बरोबर आहे काकूंचं." सगळ्यांचं एकदम तेच मत झालं. बॅनर चुकला यावर वाद घालता आला असता, पण दिलेली शाल परत घेणं हे काही कोणाला बघवेना. आमच्यातल्या कट्टर नास्तिकानंसुद्धा मान हलवली. माझ्या मुलीनं मला कोपरानं ढोसून विचारलं की आत्ता काय झालं, आणि मी तिला सांगितलं की बहुतेक बरं चाललंय.

अध्यक्षांनी नारळ माझ्याकडे दिला, शाल उलगडली आणि पाहुण्याच्या खांद्यावर पुन्हा टाकली. फोटोवाल्यानं पुन्हा फोटो काढला. कॅमेरा दिसताच अध्यक्ष सावरले. "आम्हाला सर्व कल्पना होती," ते माइकवर म्हणाले. "आपला क्लब सर्वच क्रीडाप्रकारांना उत्तेजन देतो, म्हणूनच आपण यांचा सत्कार केला."

"मग मैदानाचं सांगून टाका ना," काकू म्हणाल्या. त्या अजून उभ्याच होत्या.

"काकू, तो विषय समितीपुढे ठेवू."

"समिती तिकडे वडे खातेय. बोलावू?"

समिती आली, हातात प्लेटी घेऊन. पहिला प्रश्न खेळपट्टीचा निघाला. बुटांच्या खिळ्यांनी मॅटिंग फाटलं तर? पाहुणा म्हणाला की आमची माणसं सिमेंटवर पडली तर मॅटिंगपेक्षा तीच जास्त फाटतील, म्हणून तिकडे खेळपट्टीवर जाड रबरी चटया टाकतात. त्या आम्ही आणू, आम्हीच घालू, आम्हीच उचलू. मग विम्याचा प्रश्न निघाला. संघटनेचा विमा आहे. मग आमच्या कप्तानानं विचारलं, "सगळं ठीक, पण यात आपल्याला काय?" त्यावर आमचा यष्टिरक्षक म्हणाला, "तुला उंच कॅच घ्यायला शिकवतील. गेल्या वर्षी तीन सोडलेस."

"दोन! एकावर ऊन होतं."

"ऊन तुलाच बरं दिसतं."

शनिवारी सकाळी अकरापर्यंत, उन्हाळा सुरू होईपर्यंत, ट्रायल बेसिसवर, असं ठरलं. काकूंनी ते तिथल्या तिथे इंग्रजीत सांगितलं, अध्यक्षांचं भाषांतर होण्याची वाट न बघता. पाहुण्यानं काकूंशी हस्तांदोलन केलं. त्यांनी त्याला वडा दिला.

अध्यक्षांच्या कार्यक्रमपत्रिकेत पुढचा भाग होता: पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटनाचा चेंडू खेळणे. छापलेलं रद्द करणं अध्यक्षांच्या स्वभावात नाही. पाहुण्याला पॅड बांधले गेले, शाल काकूंनी धरली, आणि अध्यक्षांनी स्वतः गोलंदाजी केली. पहिला चेंडू इतका बाहेर गेला की तो कोणी मोजला नाही. दुसरा सरळ आणि हळू आला, पाहुण्यानं बॅट फिरवली आणि यष्ट्या पडल्या. क्लबच्या इतिहासात अध्यक्षांनी पहिल्यांदाच कोणाला तरी बोल्ड केलं होतं. ते दोन्ही हात वर करून पंचाकडे धावले. पंच त्यांचा मेहुणा होता.

खेळपट्टीवरून परत येताना मी पाहुण्याला विचारलं, "मुद्दाम?"

"नाही रे. दिसलाच नाही," तो म्हणाला. "नववा नंबर खरा होता."

पण तो गाडीकडे आला नाही. पॅड बांधलेलेच होते. तो सीमारेषेकडे गेला आणि तिच्या कडेनं चालायला लागला. आम्ही दोघं मागे. एके ठिकाणी थांबून त्यानं टाचेनं गवत उकरलं आणि खांबांसाठी खड्डे इथे घेतले तर अध्यक्ष काय म्हणतील असं विचारलं. मी म्हटलं, अध्यक्ष आज काहीही म्हणणार नाहीत, आजच विचारून घे. पुढे वारा कुठून येतो ते त्यानं पाहिलं. मग पूर्ण फेरी मारून झाल्यावर कपाळाला हात लावून उभा राहिला.

"काय झालं?" मी विचारलं. मला वाटलं, मैदान लहान निघालं.

"कोपरे नाहीत," तो म्हणाला. "मी या माणसांना चौकोनात शिकवलंय. चेंडू अडकला की कोपऱ्यात मारायची सवय लागलीय सगळ्यांना. इथे कोपऱ्यात मारायला गेले तर चेंडू थेट बाहेर. सगळं मुळापासून शिकवावं लागेल. सगळं." मग माझ्या मुलीकडे वळून, तिनंच हा घोळ घातला असावा तसं म्हणाला, "तू सगळ्यात वाईट आहेस. प्रत्येक वेळी कोपरा. फोन कर एकेकाला. शनिवारी सात वाजता. आणि चटया घालायला दोघं लवकर या म्हणावं."

मुलगी फोन काढून उभी राहिली. तो पुन्हा मैदानात गेला, खेळपट्टीला वळसा घालून, आणि चेंडू नसताना हातवारे करत कोणी कुठे पळायचं ते स्वतःशीच मोठ्यानं सांगू लागला. मंडपातून अध्यक्ष मला खुणा करत होते, पाहुण्यांना समूहछायाचित्रासाठी पाठवा म्हणून. मी हातानं सांगितलं की ते कामात आहेत.